डोहाळे पुसणाऱ्या बायका

गाथासप्तशतीत एका गरीब घरची गर्भार बाई आहे. तिला डोहाळे पुसले जातात. काय खावेसे वाटते, कशावर मन जाते, असे विचारतात. घरात काय आहे आणि काय नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नवऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून ती एवढेच सांगते की मला पाणी प्यावेसे वाटते. त्याच संग्रहात दुसरी एक नवथर पोर आहे. सख्या तिच्याभोवती जमून हाच प्रश्न करतात. ती तोंडाने काही बोलत नाही. तिची नजर तेवढी नवऱ्याकडे वळते. सख्यांना जे समजायचे ते समजते. हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे, आणि सातवाहनांची राजधानी म्हणजे येथून पन्नासएक किलोमीटरवर असलेले आपले पैठण.

सातवाहनांच्या नाण्यांवर, लेण्यांवर आणि रोमशी चाललेल्या त्यांच्या व्यापारावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ते वाचूनच माझ्यासारखा शाळा अर्ध्यावर सुटलेला माणूस थोडाफार शहाणा झाला. परंतु या दोन बायकांची नोंद इतिहासात कोणी घेतल्याचे मला दिसत नाही. त्या काव्यात जमा झाल्या. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार संघटनेच्या इतिहासावर बोलण्यास सांगितले आहे. संघटना म्हटली की आपल्यापुढे लाल बावटा, कारखान्याचे फाटक आणि वर्गणीची पावती उभी राहते. पण पावतीपुस्तकावाचून, अध्यक्ष-चिटणिसांवाचून चालत आलेली परस्पर-साहाय्याची एक संस्था याच मुलुखात होती. तिच्या सभासद म्हणजे गर्भार बायका आणि त्यांच्या शेजारणी, आणि तिचे कामकाज बरेचसे थट्टेतून चाले. मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

'डोहाळे' हा शब्द 'दोहद' किंवा 'दौहृद' या शब्दापासून आला असे सांगतात. सुश्रुताने म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून तेव्हा ती स्त्री दोन हृदयांची होते. तिची इच्छा डावलली तर मूल व्यंग घेऊन जन्मते. आजच्या वैद्यकाला हे दुसरे विधान मान्य नाही. परंतु त्याचा समाजात काय उपयोग झाला ते पाहा. ज्या सुनेला एरवी भाकरीवर तेल मागण्याची सोय नव्हती, तिला या भीतीच्या आधाराने चार महिने मागण्याचा अधिकार मिळाला. आणि तोही तिने स्वतः मागायचा नाही. इतर बायकांनी तिच्या तोंडून वदवून घ्यायचा. "काय गं, चिंच खातेस का चोरून?" या प्रश्नाला हसू येते, पण ते हसू म्हणजे अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनासारखे आहे. तिची मागणी ते सासूपर्यंत पोहोचवते, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

कालिदासाने रघुवंशात सुदक्षिणा राणीला माती खाताना दाखविले आहे, आणि त्या मातीचा वास राजाला फार गोड वाटला असेही सांगितले आहे. आपल्याकडच्या कष्टकरी बायकाही चुलीची माती आणि खापरीचे तुकडे खात आल्या. डॉक्टर सांगतात की याचे नाते पुष्कळदा रक्तातले लोह कमी होण्याशी असते. राजवाड्यात त्याचे काव्य झाले. झोपडीत मात्र शेजारणी "बाईला माती गोड लागू लागली" म्हणून हसत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकीच कोणीतरी पदराआड गुळाचा खडा आणून देई.

या संस्थेचे रीतिरिवाज आपल्याला परिचित आहेत. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गुपचूप दिली जाणारी चोरचोळी. सातव्यात ओटीभरण आणि डोहाळजेवण. हिरवे लुगडे, फुलांची वाडी, झोपाळा. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायला लावायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ मला पूर्वीपासून अर्धवटच आवडतो. बर्फी निघाल्यावर हसणाऱ्या बायकांच्या आवाजात क्षणभर जो फरक पडतो, तो ज्याने ऐकला आहे त्याला २०११च्या शिरगणतीत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली का निघाल्या, हे फार समजावून सांगावे लागत नाही. गर्भलिंग-तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, देशात सर्वांआधी. तरीही हे झाले. थट्टेच्या अंगी मोठी शक्ती असते आणि ती दोन्हीकडे वळते.

परंतु थट्टा हा या व्यवहाराचा वरचा पदर होता. त्याखाली भय होते. पहिलटकरीण माहेरी जायला निघाली की ती परत येईलच असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नसे. म्हणून पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवून बायका जागत, गाणी म्हणत, एकमेकींच्या बाळंतपणाच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत. सटवाई येऊन काय लिहीत असेल ते तिचे तिला ठाऊक. पण बाळंतज्वराच्या आणि धनुर्वाताच्या त्या दिवसांत आई-मुलावर रात्रभर नजर ठेवणाऱ्या पाच-सात बाया तेथे असत, आणि काही बिघडले तर ते सर्वांआधी त्यांना कळे.

ही सोबत सर्वांना मिळत होती असे म्हटले तर तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात आणि दुखणे उद्भवले तर वैद्याला पैसा कोठून आणायचा, हे तिने त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि पुष्कळ गावांत इतरांच्या घरच्या बाळंतपणाला सुईण म्हणून याच जातीची बाई बोलावली जाई! नाळ कापायला तिचा हात चाले. ओटी भरायला मात्र चालत नसे.

विधवेची गत निराळी. तिला दिवस गेले तर हसणारी सखी नव्हती, विहीर होती. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि अशा बायकांनी येऊन सुखरूप बाळंत होऊन जावे असे जाहीर केले. त्यांपैकी एकीचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. सावित्रीबाईंच्या शिक्षणकार्याविषयी आपण दर वर्षी बोलतो. मला स्वतःला त्या घरातल्या रात्री अधिक मोठ्या वाटतात. अनोळखी बाईच्या उशाशी बसून राहणे हे शाळा चालविण्याहून सोपे काम नाही.

बायकांनी याचा विचार आपल्या पद्धतीने फार पूर्वी केला होता. रामायणाच्या उत्तरकांडात गर्भवती सीतेला राम डोहाळे विचारतो. ती म्हणते, ऋषींचे आश्रम पाहावेसे वाटतात. आणि त्याच निमित्ताने तिला वनात सोडले जाते. डोहाळा पुसून त्याचाच फास केला, ही गोष्ट दळणाऱ्या बायकांनी कधी विसरली नाही. आपल्या मराठवाड्याचे डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी बायकांच्या तोंडची रामकथा गोळा केली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुढे खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जात्यावरच्या या ओव्यांत अरण्यात रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला बोरी आणि बाभळी शेजारणी होऊन येतात. काटेरी झाडे! अवघडलेल्या बाईजवळ दुसरी बाई नाही, ही कल्पनाच ओवी रचणारीला सोसवली नाही.

मग गिरण्या आल्या. मुंबईला आल्या, तशी १८८९ साली आपल्या शहरातही कापसाची गिरणी उभी राहिली आणि जुन्या नोंदींप्रमाणे तिच्यात सुमारे सातशे माणसे लागली. गिरणीने बाईला वाड्यावस्तीतून उचलून साच्यापुढे उभे केले. तेथे शेजारीण शेजारीच होती, पण तिचे हात सुतात अडकलेले. १९२०च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने गिरणीकामगार बायकांची स्थिती तपासली. तेव्हा दिवस भरेपर्यंत काम आणि मागे राहिलेल्या तान्ह्याला निजवून ठेवण्यासाठी अफूची गोळी, असे चित्र तिला दिसले.

१९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी पुन्हा विधेयक मांडले आणि १९२८च्या जुलैत त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, म्हणून तोपर्यंत त्यानेही तो उचलणे रास्त आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. ज्यांच्या संस्थेने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले, त्यांचे हे भाषण आमच्या प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे असे आहे.

या शहरातल्या गिरणीवाल्या बाईला मात्र त्या कायद्याचा उपयोग नव्हता. आपण निजामाच्या मुलुखात होतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि १९६१ साली बारा आठवड्यांच्या भरपगारी रजेचा मध्यवर्ती कायदा झाला. पण १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हजारो बायांना कसली रजा? सुकडी मिळे, तीच वाटून खायची. झाडाला झोळ्या टांगलेल्या, आणि एक म्हातारी किंवा एक अवघडलेली बाई सगळ्यांची पोरे पाहायची; तिच्या वाटची खडी बाकीच्या फोडायच्या. माझ्या आईच्या पिढीच्या बायांकडून मी हे ऐकले आहे. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमावी, अशी तरतूद आली. हे ज्यांनी लिहिले त्यांनी ते कोठे पाहिले होते, याचा मी अंदाज करू शकतो.

२०१७ साली बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. आम्ही पेढे वाटले. आणि त्यानंतर आपल्या औद्योगिक वसाहतींत मी जे पाहिले ते सांगतो. जेथे कर्मचारी राज्य विमा लागू आहे, तेथे हा खर्च विम्यातून होतो. जेथे नाही, तेथे तो सगळा मालकाच्या शिरावर. बाबासाहेबांनी १९२८ साली जे सांगितले होते ते आपण अर्धेच ऐकले. आणि खर्च कोणाचाही असो, कंत्राटी बाईला दिवस गेल्याचे कळले की पुष्कळदा तिचे कंत्राट पुन्हा होत नाही. काढून टाकले असे कागदावर कोठेच दिसत नाही. म्हणून बाया लपवतात. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत सैल अंगरख्याखाली पोट झाकून उभ्याने काम करतात. हे लपविण्याचे काम एकटीचे नसते. ओळीतल्या सगळ्या सामील असतात. जड खोकी दुसरी उचलते, ओकारी आली की तिसरी पर्यवेक्षकाला बोलण्यात गुंतवते, चौथीच्या डब्यात कैरीची फोड जास्त असते. आणि जेवणाच्या अर्ध्या तासात यावर जे विनोद चालतात ते या सभेत सांगण्यासारखे नाहीत. चोरचोळीचा अर्थ मला तेथे नव्याने समजला.

शास्त्रालाही हे उशिरा समजले. १९८० साली ग्वाटेमालामधील एका रुग्णालयात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळंतिणीजवळ एक प्रेमळ अनोळखी बाई नुसती बसून राहिली, बोलली, हात धरला, तर कळांचा काळ पुष्कळ कमी होतो असे त्यात आढळले. २०१६ साली भारत सरकारच्या आरोग्य खात्याने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. 'घाटी'सारख्या मोठ्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून बायका येतात; कोणाबरोबर आई असते, कोणाबरोबर गावची आशाताई. पण जिचे माहेर दूर आहे आणि सासरचे सगळे ऊसतोडीला गेले आहेत, तिच्याबरोबर तिच्या ओळीतलीच बाई जाते. त्या दिवसाचा तिचा खाडा पडतो.

गेल्या करारात आम्ही एक कलम घातले: सोबतीणीला दोन दिवसांची भरपगारी रजा. व्यवस्थापक वाचून हसले. मग म्हणाले, विचार करू, पण सोबतीण कोणाला म्हणायचे याची आधी व्याख्या द्या; नातलग, शेजारीण की कामावरची? आम्ही तो प्रश्न बायकांच्या सभेपुढे ठेवला. तीन सभा झाल्या. एकीचे म्हणणे, जिला सगळ्यांआधी कळले ती. दुसरीचे, जी चिंच आणते ती. चौथी सभा येत्या रविवारी आहे.