जर्मन मुलांच्या हातातील पुस्तके

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेच आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येते. जर्मनीचा धडा शिकवताना मीही व्हर्सायचा तह आणि हिटलरचा उदय फळ्यावर लिहून मोकळा होतो. पण एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, एवढी शिकलेली माणसे त्याच्यामागे गेली कशी?" या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मला तिथल्या मुलांच्या पुस्तकांत सापडला.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ साली निघाला. त्या वेळी त्यांच्या कासेल शहरात नेपोलियनचा भाऊ जेरोम राज्य करीत होता आणि याकोब त्याच्याच पदरी ग्रंथपाल होता. परक्या अमलात आपली भाषा आणि घराघरांतल्या गोष्टी जपाव्यात, ही त्यांची तळमळ. या गोष्टींतून उपासमार वारंवार डोकावते. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना घरात अन्न नाही म्हणून रानात सोडतात. पहिल्या आवृत्तीत हा बेत सख्ख्या आईचा होता; पुढे ती सावत्र झाली. भूक तशीच राहिली, आईची अब्रू मात्र सावरली गेली!

१८४४ च्या नाताळात फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांना आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनाजोगे पुस्तक मिळेना. त्यांनी कोरी वही आणून स्वतःच चित्रे आणि कविता रचल्या. पुढच्याच वर्षी ते छापले गेले; 'श्ट्रूवेलपेटर' हे नाव त्याला नंतरच्या आवृत्तीत मिळाले. त्यात एका काळ्या मुलाची टिंगल करणाऱ्या तिघांना शाईच्या मोठ्या दौतीत बुडवतात. काळेपणा ही शिक्षा ठरवावी, हे आज खटकते. पण कोणाच्या रंगावर हसू नये हे मुलांना सांगितले गेले, हेही खरे.

एरिख केस्टनर यांचे 'एमिल आणि गुप्तहेर' १९२९ चे. एमिलची विधवा आई लोकांचे केस धुऊन, विंचरून संसार चालवते. तिने साठवलेले १४० मार्क घेऊन तो बर्लिनला निघतो. नोटा खिशात टाचणीने टोचून ठेवतो, तरी आगगाडीत डोळा लागताच चोरी होते. बर्लिनची अनोळखी पोरे जमतात, पाळत ठेवतात, चोराला गाठतात. नोटांवरची टाचणीची भोके हाच पुरावा! परक्या गावचा म्हणून त्याला कोणी दूर लोटत नाही. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा केस्टनर गर्दीत उभे राहून आपली पुस्तके जळताना पाहत होते. 'एमिल' मात्र इतके लोकप्रिय होते की त्या आगीतून वाचले.

पाच वर्षांनी, १९३८ साली, न्यूरेंबर्गमधून 'विषारी अळंबी' हे मुलांचे पुस्तक निघाले. प्रकाशक यूलियस श्ट्राइखर. आई आणि मुलगा रानात अळंबी वेचायला जातात. चांगली कोणती, विषारी कोणती, हे आई दाखवते आणि म्हणते, माणसांचेही तसेच असते. ज्यू हे विषारी. आपल्या कोकणातही पावसाळ्यात मुले मोठ्यांच्या बोटाकडे पाहूनच अळंबी ओळखायला शिकतात. आई सांगते ते मूल तपासून पाहत नाही, हे त्या लेखकाला पक्के ठाऊक होते. चित्रे रंगीत, भाषा सोपी, आणि शेजारच्या घरातल्या माणसाविषयी मनात भीती. पुढे न्यूरेंबर्गच्याच खटल्यात हे पुस्तक पुराव्यादाखल मांडले गेले. श्ट्राइखरला ऑक्टोबर १९४६ मध्ये फाशी झाली.

त्याच वर्षी येला लेपमान या ज्यू बाईंनी म्यूनिकमध्ये देशोदेशींच्या बालपुस्तकांचे प्रदर्शन भरवले. ज्या देशातून परागंदा व्हावे लागले, तिथल्याच मुलांसाठी त्यांनी हात पसरून पुस्तके मागितली होती. १९४९ मध्ये त्यातून आंतरराष्ट्रीय बाल-ग्रंथालय उभे राहिले.

आणि १९६१ साली हान्स पेटर रिश्टर यांची 'तेव्हा तो फ्रीडरिश होता' ही कादंबरी आली. एकाच इमारतीत दोन मुले वाढतात. फ्रीडरिश ज्यू, दुसरा जर्मन ख्रिस्ती. दुसऱ्याचा बाप वाईट नाही; नोकरीसाठी पक्षात शिरतो. १९३८ च्या दंगलीत तो मुलगा स्वतः हातोडा घेऊन तोडफोड करतो, आणि घरी आल्यावर रडतो. १९४२ मध्ये बाँब पडत असताना घरमालक फ्रीडरिशला तळघरात शिरू देत नाही. तो दाराबाहेरच मरतो. ही सारी हकीगत तो दुसरा मुलगा सांगतो. त्याचे नाव पुस्तकात शेवटपर्यंत कुठेच येत नाही.