शाल-श्रीफळाचा युक्तिवाद

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एखादी देखणी खिलारी जोडी उभी राहिली की भोवती गर्दी जमते. शिंगांचं, वशिंडाचं, चालीचं तोंडभरून कौतुक होतं. मालक ते ऐकून घेतो, पण त्याचं लक्ष असतं रुमालाखाली हात घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे. भाव तिथे ठरतो. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गौरवाबद्दल आपल्याकडे जे मत रूढ झालं आहे, त्याला एवढं बाजारी शहाणपणही नाही.

ते मत आधी नीट मांडू. प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून नेटकी मांडावी आणि मग खोडावी, अशी जुन्या शास्त्रार्थाची रीत आहे. मत असं: रुग्णसेवा हे पैशात मोजायचं काम नव्हे. परिचारिका, आशा, आरोग्यसेवक, सफाई कामगार ज्या ताणाखाली राबतात, त्यावर कौतुकाचे दोन शब्द हाच खरा उतारा. कौतुकाला खर्च नाही आणि त्यानं माणूस टिकतो. म्हणून १२ मे रोजी परिचारिका दिन, १ जुलैला डॉक्टर दिन, ग्रामसभेत शाल-श्रीफळ, भिंतीवर ‘कोविड योद्धा’ची फ्रेम. मोठ्या खासगी रुग्णालयांत ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ निवडतात आणि त्याचा फोटो लिफ्टजवळ लावतात. यामागे विद्वानांचा आधारही दाखवला जातो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली सहकाऱ्यांसह सिद्धान्त मांडला की पगार, सोयी, नियम यांच्या अभावानं माणूस नाराज होतो खरा, पण त्यांच्या असण्यानं तो उमेदीनं काम करतोच असं नाही. उमेद येते ती कामातल्या यशातून, जबाबदारीतून आणि दखल घेतली गेल्यामुळे. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञानं १९७० साली रक्तदानाचा अभ्यास करून दाखवलं की पैसे देऊन मिळवलेल्या रक्तापेक्षा दानातून मिळणारं रक्त अधिक सुरक्षित ठरतं. मोबदला आला की सेवाभाव आटतो, हा धडा त्यातून काढला जातो.

आता हर्झबर्गपासूनच सुरुवात करू. त्याचा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांवर आणि लेखापालांवर बेतलेला होता. ही सगळी मासिक पगाराची, पक्क्या नोकरीची माणसं. ज्याच्या ताटात भात आहे त्याला लोणचं हवंसं वाटतं, हा निष्कर्ष बरोबरच आहे. त्यावरून उपाशी माणसाला लोणचं वाढा, असं हर्झबर्ग कुठेही म्हणालेला नाही. उलट, पगार आणि कामाची परिस्थिती बिघडली की होणारी नाराजी दुसऱ्या खात्यातल्या सन्मानानं भरून निघत नाही, हेच त्याच्या सिद्धान्ताचं अर्धं अंग आहे. आपले व्यवस्थापक नेमकं तेवढं अर्धं वाचायचं विसरतात. टिटमसचा आधार तर त्याहून लंगडा. रक्तदाता काही महिन्यांतून एकदा बाटलीभर रक्त देतो आणि आपल्या पोटापाण्याच्या कामाला निघून जातो. आशाताईचं पोटापाण्याचं काम म्हणजेच हे काम.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आली. साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई, नाव ‘कार्यकर्ती’, दर्जा स्वयंसेविकेचा, मोबदला कामानुसार. नवजात बाळाच्या गृहभेटींचंच उदाहरण घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, आईचं दूध नीट सुरू आहे का बघायचं, धोक्याची लक्षणं ओळखायची आणि फॉर्म भरायचा. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. भेटीला जेमतेम ४२ रुपये पडतात. दिवस ४२ आणि रुपयेही ४२, हा योगायोग कुण्या कारकुनाच्या ध्यानातही आला नसेल. या गृहभेटींची मुळं गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं केलेल्या प्रयोगात आहेत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानं थोडंफार शिकलेली गावची बाई नवजात बाळांचे मृत्यू रोखू शकते, हे जगाला दाखवलं. कामाचं मोल शास्त्रानं असं सिद्ध केलेलं आहे. प्रश्न मोल देण्याचा आहे.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशानं थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलानं रुग्णालयांवर फुलं उधळली. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर केला. कौतुकानं उमेद टिकते हे मत खरं असतं, तर इतक्या कौतुकानंतर आशा तृप्त व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या आशा जून २०२१ मध्ये, म्हणजे साथ सुरू असतानाच, संपावर गेल्या. पुरस्कारानंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा गेल्या. मोबदल्यात वाढीची घोषणा झाली, पण शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्यांदा बाहेर पडल्या आणि आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या. मार्चमध्ये पाच हजारांची वाढ मंजूर झाली. ती पुरस्कारामुळे मिळालेली नाही. जागतिक सन्मानाच्या छायाचित्रानं जे झालं नाही, ते मैदानातल्या सतरंजीनं केलं.

यावर एक हुकमी उत्तर येतं: हल्ली सेवाभावच उरला नाही. मला या वाक्याचा फार कंटाळा आहे. हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचा महागाई भत्ता सेवाभावानं सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण कौतुकाच्या मताची खरी परीक्षा पैशात होत नाही. ती संकटात होते, आणि ती आपल्याच जिल्ह्यानं पाहिली आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्णांचा जीव गेला. तिथली अग्निसुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, ही गोष्ट त्याच दिवसांत चव्हाट्यावर आली. पुढे निलंबनं झाली आणि पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कोणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. मी त्यात पडत नाही. मला दिसतो तो क्रम. आगीच्या दीड वर्ष आधी ज्या वर्गाला देशानं देवदूत म्हटलं, त्याच वर्गातली सर्वांत खालच्या पायरीवरची माणसं सर्वांत आधी कोठडीत गेली. भिंतीत पाण्याचे फवारे बसवायचे की नाही, हे वॉर्डातली परिचारिका ठरवत नाही. निविदा तिच्या हाती नसते, निधी तिच्या सहीनं येत नाही. नगरमधल्या आणि राज्यातल्या परिचारिका तेव्हा रस्त्यावर आल्या त्या हेच विचारत. टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनात असेल तोवर वाजतात. मनातून उतरलं की त्याच हातांना बोट दाखवायला वेळ लागत नाही.

कौतुकवाद्यांकडे याहून एक बळकट दाखला आहे, आणि तो मी लपवणार नाही, कारण तोही याच जिल्ह्यातला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतून आरोग्यसेविका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्या पगारी नोकर नव्हत्या. तरी प्रकल्पाच्या नोंदीनुसार त्या भागातला बालमृत्यूदर हजारी १७६ वरून पाच-सहा वर्षांत ५२ पर्यंत उतरला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग पगाराशिवाय, केवळ मानावर आरोग्यसेवा उभी राहते, हे सिद्ध झालं ना?

नाही झालं, कारण जामखेडला मान म्हणजे काय होता ते पाहावं लागतं. तिथे शालींचे सोहळे नव्हते. सेविका दर आठवड्याला केंद्रावर येत, मुक्काम करत, शिकत, गावातल्या अडचणी मांडत आणि त्या अडचणींवरूनच पुढचा पाठ ठरे. जे ज्ञान डॉक्टर मंडळी कुलूप लावून ठेवतात, ते त्यांना देऊन टाकलं गेलं. गावात बाळंतपण करताना, जुलाबाच्या पोराला साखर-मिठाचं पाणी पाजताना निर्णय तिचा असे, आणि तिनं पाठवलेल्या रुग्णाबद्दल तिचं म्हणणं डॉक्टर ऐकून घेत. घर चालावं म्हणून तिला छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळवून द्यायची खटपटही प्रकल्पानं केली. १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मुक्ताबाई पोळ ही जामखेडची सेविका जगभरच्या तज्ज्ञांपुढे मराठीतून बोलली. तिला व्यासपीठावर सत्कारासाठी बोलावलं नव्हतं. तिचं म्हणणं ऐकायला बोलावलं होतं.

सरकारी योजनेनं जामखेडकडून नेमकं काय उचललं? ‘बिनपगारी’ एवढं उचललं. डोक्यावर मात्र सर्वेक्षणं, नोंदवह्या, मोबाइलमधली माहिती, मोहिमांमागून मोहिमा चढवल्या. आठवड्याचं शिकणं गेलं, शब्दाचं वजन गेलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत आशा बहुधा आकडे सांगायला आणि बोलणी खायला बसते. तिला गावातल्या ज्या गोष्टी ठाऊक आहेत (कुठल्या घरात नवरा गोळ्या फेकून देतो, कुठल्या वस्तीवर ऊसतोडीहून परतलेली गरोदर पोर अजून एकदाही तपासलेली नाही) त्या विचारण्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही.

इथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही थोडं टोचतो. पैसे द्या, बाकी मानाबिनाची गरज नाही, असं काही संघटनांतली मंडळी म्हणतात. तेही अपुरं आहे. तिसाव्या वर्षी लागलेली परिचारिका अठ्ठावन्नाव्या वर्षीही डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी असेल आणि रुग्णाबद्दल तिला कुणी काही विचारत नसेल, तर सातव्या वेतन आयोगानंही तो सल जात नाही. फक्त तो सल प्रशस्तिपत्रकानंही जात नाही.

मग दखल घ्यायची कशी? एक कसोटी मी लावतो: देणाऱ्याला ती उद्या परत घेता येईल का? शाल देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कायद्यानं दिलेलं तसं नसतं. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. तो निकाल म्हणजे सत्कार नव्हता, पण त्यानंतर त्यांना ‘मानसेवी’ म्हणून वाटेला लावणं अवघड झालं. योजनांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, अशी शिफारस पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेनं २०१३ मध्येच केली होती. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये वेतन सुचवलं. घोडेगाव, सोनई, नेवासा, कुठल्याही गावातल्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला विचारून पाहा, तिच्या हातात किती पडतात. त्यातल्या बऱ्याच जणींचा परिचारिका दिनाला गुलाबाचं फूल देऊन सत्कार झालेला असतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा: एवढं कुठून आणायचं? आक्षेप खरा आहे, पण तो मांडण्याची जागा चुकते. निधी नाही हे अंदाजपत्रकाच्या चर्चेत म्हणावं, सत्काराच्या भाषणात नव्हे. तिजोरी रिकामी असेल तर तसं आशाताईला तोंडावर सांगावं आणि तिनं त्यावर काय करायचं ते तिला ठरवू द्यावं. पुढचा गौरव समारंभ जो कोणी भरवणार असेल, त्यानं एवढंच करावं: निमंत्रणपत्रिकेत सत्कारमूर्तींच्या नावांपुढे त्यांचा दर्जा आणि गेल्या महिन्यात त्यांच्या खात्यावर जमा झालेली रक्कम छापावी, आणि अध्यक्षीय भाषणाच्या वेळात त्यांना बोलू द्यावं.