गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं आजोळ

हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात आयटी कंपन्यांच्या शेजारीच बायोटेक कंपन्यांसाठी राखलेली जागा आहे. तिथल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सचं नाव बहुतेकांनी ऐकलं ते 2022 मध्ये, करोनावरच्या भारतीय एमआरएनए लशीमुळे. हृदयरोगतज्ज्ञ मात्र ही कंपनी त्याआधीपासून ओळखतात, ती ‘एलॅक्झिम’ नावाच्या इंजेक्शनमुळे. त्यातलं औषध टेनेक्टेप्लेज. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की ती विरघळवायला ते शिरेतून देतात. या औषधाच्या माहितीपत्रकात उत्पादनाविषयी एक छोटा उल्लेख असतो: हे प्रथिन ‘चायनीज हॅमस्टर ओव्हरी’ पेशींमध्ये तयार केलं जातं. म्हणजे चीनमधल्या उंदरासारख्या एका प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी. गुठळीशी, हृदयाशी, पुण्याशी ज्याचा काडीचाही संबंध दिसत नाही असा हा प्राणी इथे आला कसा? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट थेट काळा आजार या परजीवीजन्य रोगापर्यंत पोचते. माझ्या मते या औषधाच्या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित दुवा तोच आहे.

आधी एक गल्लत दूर करू. आपण ज्यांना ‘रक्त पातळ करणारी औषधं’ म्हणतो ती रक्त पातळ करत नाहीत. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हेपरिन आणि वॉरफरिन गोठण्याच्या रासायनिक साखळीत अडथळा आणतात. ही सगळी औषधं नवी गुठळी होऊ नये किंवा असलेली वाढू नये म्हणून असतात. तयार झालेली गुठळी फोडणं त्यांच्या आवाक्यात नाही. गुठळी फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी घट्ट धरलेली असते. ते धागे कापणारं प्लाझ्मिन आपल्याच रक्तात प्लाझ्मिनोजेन या निद्रिस्त रूपात फिरत असतं. त्याला जागं करणारं औषध ते गुठळी विरघळवणारं औषध. ते धोक्याचंही असतं, कारण नको तिथला धागा कापला गेला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

हा फरक ध्यानात ठेवला की आपल्याकडे आवडीने सांगितला जाणारा एक दावा बाजूला पडतो. सुश्रुतसंहितेत जळवा लावण्याचे प्रकार आणि विधी तपशिलाने दिले आहेत, म्हणून गुठळीवरच्या औषधांचं मूळ जलौकेत आहे, असं म्हणतात. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो हे जॉन हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये दाखवलं, आणि त्याला पुढे हिरुडिन हे नाव मिळालं. पण हिरुडिन गुठळी होऊ देत नाही, झालेली विरघळवत नाही. जळू हेपरिनच्या भावकीतली आहे. टेनेक्टेप्लेजच्या वंशावळीत तिला जागा देता येत नाही.

दुसरा दावेदार जास्त वजनाचा आहे. 1933 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की घशाचा संसर्ग करणारा स्ट्रेप्टोकोकस जीवाणू असं काही सोडतो ज्याने माणसाची गुठळी विरघळते. तेच स्ट्रेप्टोकायनेज. 1986 च्या इटलीतल्या ‘गिस्सी’ आणि 1988 च्या ‘आयसिस-2’ या प्रचंड चाचण्यांनी ते हार्ट अटॅकमध्ये जीव वाचवतं हे सिद्ध केलं. आपल्या सरकारी रुग्णालयांनी वर्षानुवर्षं त्याच स्वस्त इंजेक्शनवर रुग्ण तारले. गुठळी औषधाने फोडता येते हा विश्वास वैद्यकाला त्यानेच दिला, हे निर्विवाद. पण ते जीवाणूचं, शरीराला परकं. एकदा दिलं की त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुन्हा देणं अवघड होतं. टेनेक्टेप्लेजचा एकही अणू त्या घराण्यातून आलेला नाही. स्ट्रेप्टोकायनेज हे मार्गदर्शक खरं, पूर्वज नव्हे.

टेनेक्टेप्लेजचं पितृकुळ आपल्याच शरीरात आहे. अचानक मृत्यू आलेल्यांचं रक्त पुष्कळदा द्रवच राहतं, हे जॉन हंटर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं होतं. 1930 मध्ये मॉस्कोत सर्गेई युदिन यांनी अशाच मृतदेहातलं रक्त एका रुग्णाला दिलं. त्यामागे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा एक पदार्थ आहे: टिश्यू प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजेच टी-पीए. 1980 च्या आसपास बेल्जियममध्ये देसिरे कोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेलानोमा या कर्करोगाच्या पेशींतून शुद्ध स्वरूपात वेगळा केला. 1982 मध्ये जेनेनटेक कंपनीत डायान पेनिका यांनी त्याचं जनुक वेगळं केलं. इथपर्यंतची कथा पुस्तकांत सापडते. आजोळाची कथा मात्र तिथे सहसा नसते.

1919 मध्ये पेकिंगमध्ये हसिए नावाच्या संशोधकाने प्रयोगशाळेसाठी एक नवा प्राणी सुचवला. न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार ओळखायला उंदीर लागत. त्यांच्याऐवजी त्यांनी शेतातले, पाठीवर काळा पट्टा असलेले छोटे हॅमस्टर वापरले. 1924 मध्ये त्याच शहरात यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की या प्राण्याला काळा आजाराचा संसर्ग सहज होतो. ही मोठी गोष्ट होती. काळा आजाराचा परजीवी 1903 मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी ओळखला, रोनाल्ड रॉस यांनी त्याला दोघांची नावं दिली. कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन हे औषधही काढलं. पण आजार पसरवतं कोण, याचा पुरावा मिळत नव्हता, कारण तो हमखास धरणारा सोयीचा प्राणीच हाताशी नव्हता.

तो चीनने पुरवला. आसाम, बिहार, बंगालमधल्या काळा आजारावर भारतात काम करणाऱ्यांनी चिनी हॅमस्टर मागवले. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला शॉर्ट, स्मिथ, स्वामिनाथ आणि कृष्णन यांनी संसर्ग झालेली वाळूमाशी चावल्यावर याच प्राण्याला काळा आजार होतो हे दाखवलं. म्हणजे हिंजवडीतल्या टाक्यांत आज ज्याच्या पेशी वाढतात, तो प्राणी त्याआधी अनेक दशकं भारतीय संशोधनाच्या कामी आला होता. चीनबाहेर या हॅमस्टरला पहिली खरी वैज्ञानिक मागणी भारतातून आली, असा माझा तर्क आहे. काळा आजाराचं ओझं सर्वांत जास्त जिथे होतं, तिथेच त्याची गरज सर्वांत जास्त होती.

काळा आजार आणि हॅमस्टर यांच्या नात्याला बळ देणारी एक समांतर गोष्ट आहे. चिनी हॅमस्टर पिंजऱ्यात पिल्लं देईना. म्हणून जेरुसलेमच्या सॉल अ‍ॅडलर यांनी काळा आजाराच्या कुळातल्याच रोगांच्या अभ्यासासाठी दुसरी जात शोधायला सांगितली, आणि 1930 मध्ये इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातून सोनेरी हॅमस्टरची मादी पिल्लांसह खणून काढली. जगभर घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्या पिल्लांचे वंशज. त्याच जातीच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून 1961 मध्ये ग्लासगोत ‘बीएचके’ ही पेशीरेषा तयार झाली. रक्त थांबत नाही अशा हिमोफिलियाच्या रुग्णांना दिलं जाणारं ‘नोव्होसेव्हन’ हे औषध तिच्यात तयार होतं. गुठळी फोडणारं औषध चिनी हॅमस्टरच्या पेशीत, रक्त गोठवणारं सीरियन हॅमस्टरच्या पेशीत, आणि दोन्ही प्राण्यांना प्रयोगशाळेत महत्त्व मिळण्यामागे एकाच घराण्यातला आजार. याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

चिनी हॅमस्टर अमेरिकेत पोचला तो युद्धाच्या धामधुमीत. डिसेंबर 1948 मध्ये, चीनचं यादवी युद्ध निकाली निघत असताना, चीनमधल्या डॉ. हू यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या रॉबर्ट वॉटसन यांच्याकडे दहा नर आणि दहा माद्या सोपवल्या. वॉटसन यांनी ती पेटी शांघायमार्गे विमानाने अमेरिकेत नेली. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिक्टर श्वेंटकर यांनी, जे आधी कुणाला नीट जमलं नव्हतं ते, म्हणजे पिंजऱ्यात त्यांचं प्रजनन यशस्वी केलं. तिथून ते बॉस्टनच्या जॉर्ज यर्गेनियन यांच्याकडे गेले. 1957 मध्ये डेन्व्हरच्या थिओडोर पक यांनी त्यांच्याकडून एक मादी घेतली, तिच्या अंडाशयाचा सुमारे दशांश ग्रॅमचा तुकडा काचपात्रात वाढवला, आणि त्यातल्या पेशी मरेचनात. त्याच या ‘सीएचओ’ पेशी.

इथे विरोधी पक्ष उभा राहतो. पक यांनी हा प्राणी निवडला तो काळा आजारामुळे नव्हे, असं विरोधक म्हणतात. त्याला फक्त 22 गुणसूत्रं, तीही मोठी आणि सहज ओळखू येणारी. माणसाची 46, आणि ती नक्की 46 आहेत हेसुद्धा 1956 मध्येच ठरलेलं. गुणसूत्रांच्या अभ्यासाला म्हणून हा प्राणी आदर्श होता. हे खरंच आहे. पण कमी गुणसूत्रांचे प्राणी रानात पुष्कळ असतील. त्यांची गुणसूत्रं कुणी मोजली नाहीत, कारण ते प्रयोगशाळेत नव्हते. हॅमस्टर तिथे होता म्हणून मोजला गेला, आणि तिथे तो जंतू आणि परजीवींच्या कामासाठी आला होता. निवडीचं कारण गुणसूत्रं, उपलब्धतेचं एक मोठं कारण काळा आजार. कुळकथेत उपलब्धतेला जास्त मान द्यायला हवा, कारण निवड नेहमी समोर असलेल्यातूनच होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पेशी म्हणजे नुसतं भांडं. पुरण कोणत्या पातेल्यात शिजलं यावर पोळीचं कूळ ठरत नाही. जनुक माणसाचं, पेशी कुणाची का असेना! या आक्षेपाचं उत्तर टेनेक्टेप्लेजच्या नावातच आहे. याचं संशोधनातलं नाव टीएनके. टी-पीए ही 527 अमिनो आम्लांची साखळी. जेनेनटेकच्या शास्त्रज्ञांनी तीत तीन ठिकाणी बदल केले. क्रमांक 103 वरच्या थ्रिओनिनच्या (टी) जागी अ‍ॅस्पॅराजिन बसवलं, क्रमांक 117 वरच्या अ‍ॅस्पॅराजिनच्या (एन) जागी ग्लुटामिन, आणि लायसिनपासून (के) सुरू होणाऱ्या 296 ते 299 या चौकडीच्या जागी चार अ‍ॅलानिन. तिसऱ्या बदलामुळे शरीरातला अवरोधक या औषधाला सहज बंद पाडू शकत नाही. पहिले दोन बदल मात्र शर्करेचे आहेत. 117 वर असलेली शर्करेची साखळी यकृत ओळखतं आणि औषध रक्तातून उचलून नेतं. ती काढली, आणि 103 वर नवी साखळी लागेल अशी सोय केली. ही साखळी चढवतं कोण? जनुक फक्त जागा दाखवतं. शर्करा चढवते ती हॅमस्टरची पेशी. इ. कोलाय जीवाणूला हे काम येत नाही. पेनिका यांनी टी-पीए आधी इ. कोलायमध्येच बनवून पाहिलं होतं. औषध म्हणून 1987 मध्ये मान्यता मिळाली ती सीएचओमध्ये बनलेल्या अल्टेप्लेजला. सस्तन प्राण्याच्या पेशीत जनुकबदलाने बनलेलं ते पहिलं मान्यताप्राप्त औषध. पुढच्या असंख्य जैविक औषधांना ही पेशी लाभली ती गुठळीच्या औषधाने वाट पाडल्यामुळेच.

विरोधक शेवटचा पत्ता टाकतात: रेटेप्लेज. हे गुठळी विरघळवणारं औषध इ. कोलायमध्येच बनतं, शर्करेविना, आणि 1996 पासून मान्यताप्राप्त आहे. बरोबर. पण ते टी-पीएचा 355 अमिनो आम्लांपर्यंत छाटलेला तुकडा आहे. फायब्रिनला घट्ट धरणारा एक भाग त्यात गमावलेला आहे, आणि ते अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा द्यावं लागतं. अखंड रेणू ठेवून, एकाच टोचण्यात काम करून घ्यायचं तर शर्करा लागते, आणि शर्करेसाठी अशीच पेशी लागते. अल्टेप्लेज पाचेक मिनिटांत रक्तात निम्मं होतं, म्हणून ते तास-दीड तास सलाइनसारखं चालू ठेवावं लागतं. टेनेक्टेप्लेजला वीस मिनिटांच्या वर लागतात, म्हणून काही सेकंदांत दिलेला एकच डोस पुरतो. पंप आणि अतिदक्षता विभाग हाताशी नसलेल्या तालुक्याच्या रुग्णालयात, किंवा पुढच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघण्याआधी, हा फरक जीव वाचवतो. अमेरिकेने टेनेक्टेप्लेजला हार्ट अटॅकसाठी 2000 मध्ये मान्यता दिली, मेंदूच्या झटक्यासाठी 2025 मध्ये. भारतात हिंजवडीच्या औषधाला मेंदूच्या झटक्यासाठीची मान्यता त्याच्या बरीच आधी मिळाली होती.

माझा निवाडा असा. या औषधाचं पितृकुळ माणसाचं, घडण जेनेनटेकची, आजोळ चीनमधलं, आणि त्या आजोळाशी गाठ घालून देणारा मध्यस्थ काळा आजार. बिहार-बंगालच्या गरिबांना मारणाऱ्या एका रोगाच्या शोधात जी प्राण्यांची जात कामी आली, तिच्यातल्या एका मादीच्या पेशी आज पुण्यात हृदय आणि मेंदू वाचवतात. गुठळीच्या औषधांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी टिलेट आणि कोलेन यांच्या पंक्तीत हसिए, यंग, डॉ. हू आणि भारतातल्या काळा आजार संशोधकांनाही बसवावं. त्यांची जागा तिथेच आहे.