शहापूरच्या खिशातला चाकू

नाणी जमवणाऱ्याचे कौतुक होते, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याचेही होते. चाकू जमवतो म्हटले की समोरचा माणूस आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. याला हिंदी सिनेमा बराचसा जबाबदार आहे. १९६५ सालच्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग गाजला, मग रामपुरीचे कडकड वाजणारे खटके पडद्यावर येतच राहिले, आणि खिशातला चाकू म्हणजे गुंडाची वस्तू हे समीकरण पक्के झाले. खुद्द रामपूर शहराने मात्र त्याची लाज धरली नाही. २०२३ साली त्यांनी चौकात सुमारे वीस फुटांचा चाकूच उभा केला.

कोणत्याही संग्रहाला एक कंटाळवाणा टप्पा येतो. खण भरतो, एकासारख्या एक वस्तू होतात, आणि नवी वस्तू आली तरी वहीतला आकडा वाढण्यापलीकडे काही घडत नाही. माझ्या घडीच्या चाकूंचे तेच झाले होते. कंपनीचे नाव, पात्याची लांबी, मूठ शिंगाची की पितळेची, एवढ्या तीन रकान्यांत सगळे संपत असे. त्या वहीत चौथा रकाना वाढवला, 'याने काय कापले जाई', आणि मग ते चाकू आपल्या गावाविषयी बोलू लागले.

त्यासाठी शहापूरची जागा लक्षात घ्यायला हवी. १८१८ मध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि तिथे इंग्रजांची छावणी वसली. शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिले, ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. आज रिक्षावाला ज्या अंतराला अंतर म्हणत नाही, तेवढ्यात दोन राज्ये नांदत होती. इकडे विणकर, सराफ, सावकार आणि संस्थानी कारकून. तिकडे पलटण, दारूगोळा आणि साहेबाचे दुकान. दोन्हीकडची पाती शेवटी एकाच जुन्या बाजारात, एकाच गोणपाटावर येऊन पडली.

आधी कारकुनाचे पाते घेऊ. 'चाकू' हा शब्द आपल्याकडे तुर्की-फारसीतून आला, आणि त्याच वाटेने 'कलमतराश' आला. कलम तासायचा तो कलमतराश. बोरूची लेखणी दुकानातून आणून लगेच लिहिता येत नाही. वाळलेल्या बोरूचे टोक तिरके तासायचे, आतला भुसा काढायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी एका झटक्यात टोक तिरपे छाटायचे. हा शेवटचा छाट बिघडला की अक्षर बिघडले. दिवसभर मोडी लिहिणाऱ्या माणसाचा बोरू झिजायचा, म्हणून कलमदानात दौतीशेजारी छोटे धारदार पाते असायचेच. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यापासून संस्थानी दफ्तरातल्या शेवटच्या कारकुनापर्यंत प्रत्येकाला हे हत्यार चालवावे लागले. इंग्रजीतही खिशातल्या लहान चाकूला पेन-नाइफ म्हणतात, ते पिसाची लेखणी तासण्यावरूनच. आपण 'बोरूबहाद्दर' हा शब्द थट्टेने वापरतो, पण त्या बहाद्दराच्या हातात रोज एक पाते असे.

पुढे बर्मिंगहॅमची पोलादी निबे आली आणि बोरू मागे पडला. कलमतराशाचे काम संपले, पण चाकू खिशातच राहिला. तो पेन्सिलीला टोक काढू लागला, पाकिटे फोडू लागला, आंबा चिरू लागला. हा बदल पात्यावरही दिसतो. लेखणी तासणारे पाते अरुंद आणि सहाणेवर घासून घासून आणखी बारीक झालेले असते. फळे चिरणाऱ्याची झीज पोटाशी असते.

पाते मुठीत जिथे शिरते, तिथल्या सपाट जागेवर भिंग धरले की वय कळते. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचे चिन्ह म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रूस. ते शेफिल्डच्या कारागीर संघाकडे १६८२ सालीच नोंदले गेले होते. त्याजवळ मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील तर चाकू बहुधा १९०१ च्या आधीचा. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे कारखानदार स्वस्त मालावर 'शेफिल्ड' कोरून विकतात अशी इंग्रजांची तक्रार होती. म्हणून १८८७ मध्ये विलायतेत व्यापारचिन्हांचा कायदा झाला, आणि १८८९ मध्ये तसाच हिंदुस्थानात. मालावर खरा देश लिहिणे आले. त्यामुळे 'मेड इन जर्मनी' असे कोरलेला चाकू साधारणपणे त्यानंतरचा समजावा. गंमत अशी की ज्या शब्दांनी माल बदनाम व्हावा अशी अपेक्षा होती, त्याच शब्दांसाठी पुढे गिऱ्हाईक जास्त पैसे देऊ लागले. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर तो १९१३ नंतरचाच, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद केले ते त्या वर्षी.

छावणीचा चाकू ओळखायला भिंग लागत नाही. जाड पाते, डबा फोडायची आकडी, पाठीवर लांब टोकदार सळी, काळ्या चौकटीदार मुठी आणि दोरी ओवायला कडी. सळई कशाला, असे विचारले की विकणारा हमखास सांगतो, घोड्याच्या खुरातला खडा काढायला. जगभर हीच गोष्ट सांगितली जाते. खरे तर ती दोराच्या गाठी सोडवायला आणि पीळ उकलायला असते. मराठा पलटणींचे प्रशिक्षण १९२२ पासून बेळगावात होऊ लागले आणि आजही मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच आहे. आसपासच्या खेड्यांत पेन्शनर शिपायांची घरे आहेत, आणि ट्रंकेतल्या पदकाबरोबर हा चाकूही निघतो.

इथे एक सावधगिरी हवी. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. तो वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. त्यामुळे बाजारात प्रत्येक फौजी चाकू 'कुतचा' असतो. पात्यावर बाणाची सरकारी खूण असते आणि पुष्कळदा सालही. ते १९४२ निघाले की कुतची गोष्ट तिथेच संपते. पण १९४२ हेही काही कमी नाही. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते हेच युद्ध. आपल्या भागातून त्या मोहिमेला गेलेल्यांची नातवंडे आज तुमच्याआमच्यात आहेत.

वस्तू आणि तिची गोष्ट यांत अंतर ठेवणे मोठ्या संग्रहालयांनाही चुकलेले नाही. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेल्या वाघनखांबरोबर ग्रँट डफच्या घराण्यातली पेटी आहे आणि तिच्यावर तसा मजकूरही आहे. तरीही अफझलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, याची खात्री देता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. वाघनखांची किंमत त्याने कमी होत नाही.

तिसरे पाते अडकित्त्याचे. त्याला चाकूच्या खणात जागा द्यावी का यावर जाणकार भांडतील. मी देतो. दोघेही एका खिळ्यावर फिरतात, दोघेही मिटतात, आणि आपल्या आजोबांच्या कमरेला चाकू असो वा नसो, चंची होतीच. ती उलगडली की एका कप्प्यात पाने, एकात शिरसीची सुपारी, चुन्याची डबी, कात, तंबाखू आणि अडकित्ता. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ धरावी तितका जोर कमी लागतो, हे शास्त्र आजीला कुणी शिकवले नव्हते. कारागिरांनीही या एवढ्याशा लोखंडावर जीव ओतला. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरोघरच्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यात अडकित्त्यांची मोठी मांडणी आहे. मोर, घोडे, जोडपी, सगळे सुपारी फोडायला तयार. तिकडे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात सॅम्युअल आयलेनबर्ग नावाचे मोठे गणिती होते. त्यांनीही अडकित्ते जमवले, इतके की त्यांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला.

निपाणीचे पाते वेगळे, ते कात्रीचे. तिथल्या बायकांनी तेंदूच्या पानावर मापाचा पत्रा ठेवून पिढ्यान्‌पिढ्या विडीची पाने कापली. ती कात्री कुणी संग्रहात ठेवत नाही, कारण ती सुंदर नसते. बोटाच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, पाती झिजलेली. मला विचाराल तर सीमाभागातले सर्वांत जास्त कष्ट पाहिलेले पाते तेच. आणि पात्यांचा विषय निघालाच आहे तर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे तयार केलेल्या पहिल्या वस्तूंतली एक म्हणजे कडबा कापायचे यंत्र. ते खिशात मावत नाही एवढेच.

हे सगळे सध्या किलोवर जाते आहे. जुने घर पाडले की लोखंड भंगारात, आणि पितळेची मूठ तेवढी वेगळी तोलली जाते. घरात असे काही सापडले तर ते चिंचेने किंवा पॉलिश कागदाने चकचकीत करू नये, कारण त्यात कोरलेली अक्षरे जातात. काळपट डाग हा जुन्या पोलादाचा रंग आहे, गंज नव्हे. खरा लाल गंज खोबरेल तेलात भिजवलेल्या फडक्याने हळूहळू पुसावा, मग सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. शस्त्र कायद्याची भीती पुष्कळांना वाटते. १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख होता, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची हत्यारे वगळलेली होती. बोरू तासायचे पाते दोन-तीन इंचांचे.

तेलापेक्षा महत्त्वाची एक चिठ्ठी. कुणाचे, कोणत्या गावचे, काय करीत, एवढ्या तीन ओळी लिहून वस्तूला बांधाव्यात. घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला आजच विचारावे, दिवाळीवर टाकू नये.

माझ्या खणात फौजी चाकू पाच आहेत, अडकित्ते अकरा. ज्याच्याबरोबर त्याचे कलमदानही आहे आणि ते कोणत्या दफ्तरातले हेही ठाऊक आहे, असा कलमतराश मात्र एकही नाही. संस्थानी काळात शहापुरात लिहिणाऱ्यांची घरे काही थोडीथोडकी नव्हती. कुणाच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात किंवा जुन्या बस्त्यांत दौतीसकट पेटी असेल, तर ती मला विकू नका, देऊही नका. गणपतीत घरी बोलावून फक्त दाखवा.