गुलामगिरीचं कुलूप, अक्षरांची किल्ली

महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झालं. शाळेत आपण सगळ्यांनीच त्याचं नाव पाठ केलंय. 'जोड्या लावा'मध्ये ते हमखास यायचं. पण ते पुस्तक कोणाला अर्पण केलंय, हे मात्र मला अमेरिकेत राहायला आल्यावर कळलं. ते अर्पण केलंय चक्क अमेरिकेतल्या चांगल्या माणसांना! त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली म्हणून त्यांचा आदर, आणि आपल्या देशातल्या लोकांनीही शूद्र-अतिशूद्रांच्या बाबतीत त्यांच्यापासून काही शिकावं ही आशा, असा त्यामागचा भाव आहे.

पुण्यातल्या माणसाला हे इतक्या दूरचं दुःख इतकं जवळचं का वाटलं असेल? या प्रश्नाच्या मागे लागून मी दोन्हीकडचा इतिहास वाचत गेलो. साखळदंड, चाबूक, लिलाव हे सगळं इथे होतं आणि ते भयंकरच होतं. आपल्याकडची व्यवस्था वेगळी होती. पण एक गोष्ट दोन्हीकडे अगदी सारखी दिसली. ज्याला दाबून ठेवायचं त्याला वाचू द्यायचं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर 'रीड परमिशन'च काढून घ्यायची.

इथे तर त्यासाठी कायदे होते. साउथ कॅरोलायनाने १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने बंड केलं. तो लिहिता-वाचता येणारा, बायबल वाचणारा धर्मोपदेशक होता. बंड मोडून त्याला फाशी दिली गेली आणि त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांत हे निर्बंध आणखी कडक झाले. १८६० च्या जनगणनेत या देशात सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. इतक्या लोकांना नुसत्या चाबकाने ताब्यात ठेवणं कठीण, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं.

फ्रेडरिक डग्लस हा त्यातलाच एक. मेरीलँडमध्ये साधारण १८१८ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी बाल्टिमोरमधल्या एका घरात कामाला पाठवला गेला. घरची मालकीण त्याला हौसेने मुळाक्षरं शिकवू लागली. नवऱ्याला कळल्यावर त्याने तिला थांबवलं. वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. मुलगा ते ऐकत होता. आपल्या सुटकेची वाट कुठून जाते ते मालकानेच आपल्याला सांगून टाकलं, असं डग्लसला वाटलं. मग त्याने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतलं. १८३८ साली खलाशाचा वेश करून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात घालून तो पळाला आणि १८४५ साली त्याने आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते इतकं गाजलं की पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून त्याला काही काळ आयर्लंड-इंग्लंडमध्ये राहावं लागलं.

धर्माचाही असाच दुहेरी वापर झाला. १८०७ साली लंडनमध्ये खास वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक आवृत्ती छापली गेली. तिच्यात 'जुन्या करारा'चा बहुतेक भाग गाळलेला होता. मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढतो ती गोष्टच त्यात नाही! तिची एक प्रत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ती गोष्ट कानांनी ऐकली आणि गाण्यांत जपली. स्वतः पळून सुटलेली हॅरिएट टबमन पुन्हा पुन्हा मेरीलँडला परत गेली आणि तिने सुमारे ७० माणसं सोडवून आणली. लोक तिला 'मोझेस' म्हणायचे. ती स्वतः निरक्षर होती.

आता आपल्याकडे येऊ. इथे वेगळा कायदा करायची गरजच नव्हती. विद्या कोणाची हे धर्माच्या नावाने आधीच ठरलेलं होतं. ज्योतिरावांनी अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पुढे त्यांनी अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे अमेरिकन मिशनच्याच मराठी पत्राने. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती रोखठोक विचारते. पेशवाईत मांग-महारांपैकी कोणी वाचायला शिकलाच तर त्याचे काय हाल होत, तेही ती सांगते. ते वाचताना मला बाल्टिमोरचा तो मालक आठवला.

डग्लस १८४५, मुक्ता १८५५, 'गुलामगिरी' १८७३. या साखळीत पुढेही कड्या जोडल्या गेल्या. कोलंबिया विद्यापीठात शिकून गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी संघटना काढली, तेव्हा इथल्या 'ब्लॅक पँथर'वरून तिचं नाव 'दलित पँथर' ठेवलं. हे सगळे लिहिणारेच लोक होते, हा काही योगायोग नव्हे.

मात्र एक सांगायलाच हवं. फुल्यांनी ज्या अमेरिकेचं कौतुक केलं ती फार काळ तशी राहिली नाही. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. पण १८७७ नंतर केंद्र सरकारने दक्षिणेतून लक्ष काढून घेतलं, आणि वेगळ्या शाळा, वेगळे डबे, मतदानाला अडथळे असं सगळं तिथे पक्कं होत गेलं. मतदानासाठी तर पुन्हा 'वाचून दाखव' ही परीक्षाच पुढे केली गेली! कागदावर मिळालेली मुक्ती प्रत्यक्षात यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली.

आणि त्या शंभर वर्षांच्या लढ्याचा थेट फायदा आपल्याला झालाय. १९४६ नंतर भारतीयांना इथे कायमचं येण्यासाठी वर्षाला फक्त १०० जागांचा कोटा होता. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली आणि त्याच हवेत १९६५ सालच्या कायद्याने देशवार कोटा गेला. आपण म्हणतो, "आम्ही शिक्षणाच्या जोरावर आलो." खरंच आहे. पण भारतात शाळेचं दार कोणी उघडलं आणि इथे देशाचं दार कोणी उघडलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा आपल्यातले बरेच जण दुखावले गेले. "इथे कुठे आलीय जात?" असं म्हणणं सोपं असतं. ज्याने तिचे चटके सोसलेत त्याला आधी विचारायला हवं, एवढं तरी या दोन इतिहासांतून मी शिकलो.

आपली मुलं इथल्या शाळेत डग्लस आणि टबमन शिकतात, आणि घरी आपण त्यांना शिवाजीमहाराजांच्या गोष्टी सांगतो. या दोन्हींच्या मधली एक जागा रिकामी राहते. मुक्ताचा निबंध फार मोठा नाही. या दिवाळीत फराळ झाल्यावर तो मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. लिहिणारी त्यांच्याच वयाची होती.