चमकी काढू का?

गेल्या महिन्यात एका रात्री अकरा वाजता अमेरिकेतून भाचीचा फोन आला. (मावसबहिणीची मुलगी. जन्म तिकडचाच, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध!) "मामा, एक विचारायचंय, पण हसायचं नाही."

तर झालं असं होतं की बाईसाहेबांना पशुवैद्यकीय कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मार्क उत्तम, दोन वर्षं प्राण्यांच्या निवाऱ्यात काम केलेलं, शिफारसपत्रं झकास. गाडी अडली होती कपड्यांवर. आई म्हणे काळा सूट घाल, बँकेच्या मुलाखतीला घालतात तसा. रूममेट म्हणे, छे, ती गाईघोड्यांची माणसं, साधी पँट आणि स्वेटर पुरे. आणि हे सगळं बोलून झाल्यावर खरा प्रश्न हळूच बाहेर आला. "आजीनं दिलेली चमकी आहे ना नाकात, ती काढू का?"

मी म्हटलं, तुला आवडेल ते घाल. त्यावर उत्तर आलं, "मामा, तुझ्या ऑफिसात लोक हाफ पँट घालून मीटिंगला बसतात. तुझा सल्ला नको, माहिती दे." आता इंजिनियर माणसाला कुणी माहिती माग म्हटलं की शनिवार-रविवार गेलाच म्हणायचा.

खरं तर आपल्याकडे हा प्रश्न येतच नाही. महाराष्ट्रात पशुवैद्यकाचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, तिथे मुलाखत कुठली आलीय? पण गंमत बघा, त्या परीक्षेलाही कपड्यांचे नियम आहेतच. अर्ध्या बाह्या, साध्या चपला, दागिने नकोत. म्हणजे चमकी तिथेही काढायचीच, फक्त कारण वेगळं. तिथे भीती कॉपीची.

इथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. कपड्याचा प्रत्येक नियम कुणाच्या तरी सोयीसाठी असतो. मग पशुवैद्याच्या कपड्यांचे नियम कुणाच्या सोयीचे? जनावरांच्या, की माणसांच्या?

जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा फ्रान्समध्ये लियाँ इथे १७६२ साली उघडली. काढणारा होता क्लोद बूर्जेला, घोडेस्वारी शिकवणाऱ्या अकादमीचा प्रमुख. त्या काळी बुळकांडी रोगाने युरोपातल्या गोठ्यांचे गोठे रिकामे होत होते, म्हणून सरकारनेही पैसे दिले. लंडनचं कॉलेज निघालं १७९१ मध्ये. तोवर इंग्लंडात आजारी घोडा कुणाकडे न्यायचे? नालबंदाकडे. चामड्याचा एप्रन बांधलेला, भट्टीसमोर घाम गाळणारा माणूस. नाल ठोकणं आणि औषध देणं, दोन्ही कामं त्याचीच.

त्यामुळे कॉलेजात शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढ्यांपुढे विचित्र अडचण होती. त्यांना घोड्याचं शरीरशास्त्र येत होतं, पण लोकांच्या लेखी ते जरा शिकलेले नालबंदच. १७९६ पासून ब्रिटिश घोडदळात पशुवैद्य नेमायला सुरुवात झाली. १८४४ साली त्यांच्या संस्थेला, म्हणजे आजच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सला, राजसनद मिळाली. १८८१ च्या कायद्याने 'व्हेटरनरी सर्जन' ही उपाधी पात्रता नसलेल्यांना लावता येईना. नव्वद वर्षं ही मंडळी एकच गोष्ट सिद्ध करत होती, की आम्ही एप्रनवाले नाही, आम्ही सभ्य गृहस्थ आहोत. आणि व्हिक्टोरियन इंग्लंडात सभ्य गृहस्थ म्हणजे काळा लांब कोट आणि उंच टोपी. गोठ्यात शिरायला याहून गैरसोयीचा वेष शोधून सापडणार नाही! पण तो वेष गाईसाठी नव्हताच. गाईच्या मालकासाठी होता.

(आपल्याकडे याच माणसाला 'सालोत्री' म्हणत. शब्दाचं मूळ शालिहोत्र, म्हणजे अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य. इतकं भारदस्त कूळ असूनही आपण 'गुरांचा डॉक्टर' म्हणताना आवाज किंचित खाली आणतोच. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे, पण तो खाली आलेला आवाज काही अजून वर गेलेला नाही.)

माणसांचे डॉक्टरही तेव्हा काळ्याच कोटात असत. अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्सची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. पहिलं १८७५ चं, डॉ. ग्रॉस यांची शस्त्रक्रिया. सगळे सर्जन काळ्या कोटात, हात रक्ताने माखलेले. दुसरं १८८९ चं, डॉ. ॲग्न्यू यांची शस्त्रक्रिया. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मध्ये फक्त चौदा वर्षं! एवढ्यात जंतू नावाची गोष्ट डॉक्टरांनी मान्य केली होती. काळा कोट मळ लपवायचा, पांढरा मळ दाखवायचा. पहिल्यांदाच कपडा प्रतिष्ठेपेक्षा रुग्णासाठी बदलला. पुढे त्या पांढऱ्या कोटाचीच प्रतिष्ठा झाली ती वेगळी गोष्ट. १९९३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नव्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना कोट चढवण्याचा समारंभ सुरू झाला आणि आता पशुवैद्यकीय कॉलेजातही तो होतो.

पण हे सगळं वाचताना मी ज्या माणसापाशी अडकलो ती होती एक बाई. एलीन कस्ट.

जन्म १८६८, आयर्लंडमध्ये, सरदार घराण्यात. हिला पशुवैद्य व्हायचं होतं. १८९४ साली तिने एडिंबराच्या न्यू व्हेटरनरी कॉलेजात नाव घातलं, पण स्वतःचं पूर्ण नाव नाही. 'ए. आय. कस्टन्स' असं. घराण्याला लाज वाटू नये म्हणून, असं सांगतात. म्हणजे कॉलेजच्या दाराशी तिने काय काढून ठेवलं? आडनाव. आमच्या भाचीचा चमकीचा प्रश्न मला त्याक्षणी एकदम लहान वाटला आणि एकदम मोठाही.

कॉलेजचे प्राचार्य विल्यम विल्यम्स तिच्या पाठीशी उभे राहिले. अडवलं ते लंडनच्या रॉयल कॉलेजने. बाई आहे म्हणून परीक्षेलाच बसू देईनात. प्रकरण १८९७ साली एडिंबराच्या कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, ही संस्था लंडनची, आमच्या अधिकारात येत नाही. (सरकारी खिडकीवरचं आपलं ओळखीचं उत्तर, 'पलीकडच्या काउंटरला विचारा'.) तरी बाईने अभ्यासक्रम पुरा केला. १९०० साली विल्यम्सचं प्रशस्तिपत्र घेऊन ती आयर्लंडला परतली आणि रॉसकॉमनमध्ये विल्यम बर्न या पशुवैद्याबरोबर काम करू लागली. पदवी नाही, उपाधी नाही. पुढे गॅलवेच्या काउंटी कौन्सिलने तिला निरीक्षक म्हणून निवडलं, तेव्हाही 'ही पात्र नाही' म्हणून वाद झालाच. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ती स्वतःची मोटार घेऊन फ्रान्सला गेली. १९१९ साली कायदा झाला की निव्वळ बाई आहे म्हणून कुणाला व्यवसायातून वगळता येणार नाही. आणि डिसेंबर १९२२ मध्ये रॉयल कॉलेजने तिला पदविका दिली. वय वर्षं चोपन्न. ब्रिटनमधली पहिली नोंदणीकृत स्त्री पशुवैद्य.

आता विचार करा. बावीस वर्षं तिने घोडे, गाई, मेंढ्या तपासल्या. एकाही घोड्याने तिच्या बाईपणावर हरकत घेतली नाही. हरकत सगळी माणसांची. आणि मला वाटतं, कारण तेच जुनं. नालबंदाच्या एप्रनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, काळा कोट नवा नवा घातलेल्या लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती आपला कोट कुणी उतरवेल याची. आपल्या फील्डमध्येही पाहिलंय मी, सगळ्यात कडक इंटरव्ह्यू कालपरवा आत आलेला माणूसच घेतो.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. पहिल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया पशुवैद्य झाल्या त्या १९४९ साली, टस्कीगीतून आल्फ्रेडा जॉन्सन वेब आणि पेनसिल्व्हेनियातून जेन हिंटन. यातल्या हिंटनबाईंचं नाव मायक्रोबायॉलॉजीवाल्यांच्या रोजच्या तोंडी असतं. कोणतं प्रतिजैविक चालेल ते पाहायला वापरतात त्या म्युलर-हिंटन अगारमधल्या हिंटन त्याच, आणि ते काम १९४१ चं, म्हणजे पशुवैद्य होण्याच्याही आधीचं! १९७२ साली सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करायची कायद्याने बंदी झाली आणि दारं खऱ्या अर्थाने उघडली. आज तिथल्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांत दहापैकी आठ मुली आहेत.

आणि या सगळ्यात कामाचा कपडा कुठे राहिला? जेम्स हेरियटची पुस्तकं ज्यांनी वाचलीत त्यांना आठवेल. (खरं नाव आल्फ वाइट, ग्लासगोहून १९३९ साली पास झालेला.) त्याचं १९७० सालचं पहिलं पुस्तक सुरू होतं तेच मुळी गोठ्यात. तरुण डॉक्टर कमरेपर्यंत उघडा, फरशीवर आडवा, आणि हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात. कोट, टाय, पदवी, सगळं खुंटीला. गाईला हवा असतो तो एक स्वच्छ हात. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना हे कळायला २००७ उजाडलं. कोपराखाली काही नको, असा नियम तेव्हा आला. घड्याळ नको, लांब बाही नको, टाय तर नकोच. ज्या टायशिवाय मुलाखतीच्या खोलीत पाऊल ठेवता येत नव्हतं, तोच टाय जंतू वाहतो म्हणून वॉर्डाच्या बाहेर!

असो. रविवारी रात्री भाचीला फोन लावला आणि सांगितलं, हे बघ, दोन ढीग कर. एका ढिगात जनावरासाठीचे नियम. कापलेली नखं, बांधलेले केस, न घसरणारे बूट, आणि हातातलं काढून ठेवणं. ते नियम कुणी न सांगता पाळ. दुसऱ्या ढिगात माणसांसाठीचे नियम. सूट, कोट, रंग. तेही पाळ, पण शिष्टाचार म्हणून. समोरच्यांनी तुझ्यासाठी दिवस काढलाय, तर नीटनेटकं जावं. निळी पँट, जाकीट, आणि बूट असे की या खोलीतून त्या खोलीत दिवसभर चालता येईल. आता अनेक ठिकाणी एकच मोठी मुलाखत नसते, आठ-दहा छोट्या असतात. मॅकमास्टरच्या कॅनेडियन मंडळींनी काढलेली पद्धत.

"आणि चमकी?"

"ती कुठल्या ढिगात जाते ते तू ठरव. क्लिनिकमध्ये एखादं मांजर ओढेल म्हणून काढायची असेल तर त्या दिवशी काढ. पण कुणी काय म्हणेल म्हणून काढणार असशील, तर एलीनबाईंनी आडनाव काढून ठेवलं होतं ते आठव. परत मिळायला फार वर्षं लागली."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आजीलाही विचारलं मी."

आजी, म्हणजे माझी मावशी, कराडजवळच्या गावात असते. दारात चार म्हशी, अजून स्वतः धार काढते.

"मग? काय म्हणाली मावशी?"

"म्हणाली, मी साठ वर्षं चमकी घालून धारा काढल्या. म्हशीनं कधी विचारलं नाही."

दोन दिवस आणि एवढं सगळं वाचन. आधी मावशीलाच विचारलं असतं तर!

मुलाखत झाली. निकाल यायचाय. चमकी नाकातच होती.