मालवणच्या पाण्याखालचा वर्ग

महाराष्ट्रात सागरी जीवशास्त्राचा अभ्यास बराच काळ किनाऱ्यावर उभे राहूनच झाला. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडले की विद्यार्थी डबक्यांतून समुद्रफुले, शंख, शेवाळ टिपून घेत. त्यापलीकडचे सारे मच्छीमारांच्या जाळ्यातून येई. जाळ्यातल्या माशाची जात ओळखता येई. तो कोणत्या कपारीत राहतो आणि कोणाच्या शेजारी चरतो, हे मात्र समजत नसे.

1943 साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केलेल्या उपकरणामुळे ही अडचण दूर होऊ शकली. पाठीवरच्या टाकीतली हवा त्या-त्या खोलीच्या दाबाइतक्या दाबाने तोंडाशी येऊ लागली. भारतात या तंत्राला संशोधनात स्थान मिळाले ते मुख्यतः गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमुळे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली 1980 च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात बुड्या घेतल्या. त्याआधी, 1979 मध्ये, याच संस्थेतील कासिम आणि वाफर यांनी मालवणसह पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदवले होते. गढूळ समजल्या जाणाऱ्या कोकणच्या पाण्यात प्रवाळ आहे, ही नोंद फार मोलाची होती.

13 एप्रिल 1987 रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मासेमारीवर बंधने येतील म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि ज्यांचे पोट त्याच पाण्यावर आहे त्यांचा तो विरोध समजण्यासारखा होता. 2011 नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला आणि मच्छीमार कुटुंबांतील तरुण प्रशिक्षण घेऊन डायव्हिंगचे मार्गदर्शक झाले. खडक कुठे आहे, प्रवाह कधी उलटतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. शिकायला येणाऱ्यांना हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. पुढे तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

मालवणला येणारे बहुतेक पर्यटक मार्गदर्शकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली फिरतात. ते शिक्षण नव्हे. अभ्यासक्रमात आधी तलावात मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणारे उपकरण, पुन्हा शोधणे, आणि श्वास कधीही न रोखणे शिकवतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. गोड्या पाण्यापेक्षा खारे पाणी जड असल्यामुळे शरीर त्यात अधिक तरंगते. नंदुरबारकडच्या तापी-नर्मदेत पोहणे शिकलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच मालवणला कमरेच्या पट्ट्यात जास्त वजन बांधावे लागते.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत महत्त्वाचा धडा तोल सांभाळण्याचा. बुडायचे नाही, वर यायचे नाही, जागच्या जागी तरंगत राहायचे. हे न साधता मोजणीला उतरलेला माणूस पायातल्या फिनने वर्षानुवर्षे वाढलेला प्रवाळ मोडतो. तोल साधल्यावरच तळावर फीत पसरून तिच्याखाली येणारे प्रवाळ, वाळू, शेवाळ पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर नोंदवतात. 2015-16 च्या तापलेल्या समुद्रात मालवणचे प्रवाळ पांढरे पडले, ते संशोधकांनी पाण्याखाली उतरूनच नोंदवले.

पावसाळ्यात हा वर्ग बंद असतो, कारण पाऊस आणि नद्यांच्या गाळाने पाणी गढूळ होते. ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम. पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंत जाता येते. मालवणच्या किनाऱ्यालगत तेवढे पुरते. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेवर मोठे प्रवाळक्षेत्र आहे; तिथला सर्वांत उथळ भागही सुमारे 20 मीटर खोल असल्यामुळे त्यासाठी पुढचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.